तांबुआ आणि शुक्रवारची बोट

माझ्या बायकोला, तितिलियाला, मातीत ठेवून पंधरवडा होत आला होता, तेव्हा लाऊची माणसं आली. बोट उशिरा लागली म्हणून उशीर झाला, असं त्यांनी सांगितलं. ते खरंही होतं. त्यांच्या बेटाला बोट कधीमधीच जाते. म्हणून कोणी मनात काही धरलं नाही.

मी आतल्या अंगाला चटयांवर बसलो होतो. ज्याचं माणूस गेलं त्याने अशा वेळी तोंड उघडायचं नसतं आमच्यात. शंभर रात्री होईपर्यंत दाढी करायची नाही, आणि भेटायला आलेल्यांशी बोलायचं ते घरातल्या थोरल्याने. आमचा थोरला इसोआ, माझा सख्खा भाऊ. तो मधोमध मांडी घालून बसला होता.

आलेली माणसं माझ्या जावयाकडची. जावई आपेनिसा, त्याची आई माकेरेता, दोन चुलते. माझी मुलगी तोरिका आणि आपेनिसा यांचं वर्षभर पटत नव्हतं. आईच्या आजारपणात तोरिका पोरीला घेऊन आमच्याकडे आली आणि मग परत गेलीच नाही. पोर सहा वर्षांची. आजीचंच नाव तिला दिलेलं, माकेरेता. घरात आम्ही रेता म्हणतो. तोरिकाने तिला कोरोवोऊच्या शाळेत पहिलीत घातलं होतं.

चुलत्यांनी चटया अंथरल्या, घासलेटचं पिंप पुढे केलं, मग थोरल्या चुलत्याने टोपलीतून तांबुआ काढला. देवमाशाचा दात, जुना, हाताळून तांबूस झालेला. तो दोन्ही हातांत धरून त्याने तितिलियाबद्दल चार चांगले शब्द सांगितले. चांगलं बोलला तो. माझे डोळे भरून आले. इसोआने दात घ्यायला हात पुढे केले, आणि चुलता त्याच सुरात पुढे म्हणाला, "आणि या घरात आमचंही एक फूल ठेवलेलं आहे. म्हातारी बेटावर एकटी आहे. तिच्या नावाचं माणूस तिच्या उशाशी असावं, एवढंच मागणं."

मी ऐकलं. इसोआनेही ऐकलं. पण त्याचे हात पुढे झालेले होते. असे पुढे झालेले हात मागे घेणारा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. त्याने दात घेतला, ओठांना लावला, आभार मानले. सगळ्यांनी पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या. दात घेतला म्हणजे मागणं मान्य. झालं.

तितिलिया असती तर ती दाराशी बसून खोकली असती. ती खोकली की इसोआ सावध व्हायचा. माझ्या घरात बोलायचं काम तिचं होतं आणि खोकायचंही.

तोरिका मागे चुलीपाशी बायकांबरोबर होती, दालोचे कंद उकडत. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. चहा झाला, लाऊची माणसं व्हॅनमध्ये बसली, आणि रेताही बसली. बुबूने, म्हणजे त्या आजीने, तिला नवा फ्रॉक आणला होता, पिवळा. तिला वाटलं फेरफटका आहे. तिने खिडकीतून मला हात केला. मीही केला.

तोरिका हात पुसत पुढे आली. "बाबा, रेता कुठंय? तिला जेवायला बोलवा."

मी इसोआकडे बघितलं.

"ती आजीकडे गेली," इसोआ म्हणाला. "त्यांनी तांबुआ ठेवून मागितली. मी घेतला."

"तुम्ही घेतलात? मला विचारलंत?"

"बाईमाणसाला विचारून तांबुआ घेतात का?"

"मग बाईमाणसाची पोर कशी देता?"

"तोरिका, आवाज खाली. सुतकाचं घर आहे."

"माझ्याच आईचं सुतक आहे, काका!"

तिने आपेनिसाला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा पुन्हा लावल्यावर उचलला. मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. तो चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. तो शांतपणे म्हणाला, "शुक्रवारच्या बोटीने आई तिला घेऊन जाणार आहे. तुझ्याच घरच्यांनी दिलीय, मला काय विचारतेस?" पुढच्या आठवड्यात तो स्वतः ऑस्ट्रेलियाला फळं तोडायच्या कामावर जाणार होता, चांगला सात-आठ महिने.

म्हणजे पोर बापाकडेही राहणार नव्हती. एकदा बेटावर गेली की तिला परत कोण आणणार, कधी आणणार, काही सांगता येत नव्हतं.

कोरोवोऊच्या चौकीतला हवालदार आमच्या ओळखीचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "बापाच्या माणसांकडे आहे ना? मग हरवली कुठे? कोर्टाचा कागद असल्याशिवाय मी कोणाच्या दारात जाऊ? नौसोरीला फुकट वकील मिळतो, तिथे जा. आणि एमोसी काका, लवकर जा."

बुधवारी सकाळच्या बसने मी आणि तोरिका नौसोरीला गेलो. वकिलाचं ऑफिस बाजाराच्या मागे, एका कापडदुकानाच्या वर. बाकावर आधीच बायका बसलेल्या, काहींच्या मांडीवर पोरं. आमचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. वकीलबाईंचं नाव निर्मला गाउंडर. पन्नाशीच्या असतील. चष्मा कपाळावर आणि टेबलावर अर्धी खाल्लेली रोटी.

"बसा. हे काका कोण? साक्षीदार की सोबतीला?" त्यांनी माझ्या दाढीकडे बघून विचारलं.

"माझे वडील. आई गेली आमची. शोक चालू आहे," तोरिका म्हणाली.

बाईंनी रोटी ड्रॉवरमध्ये सारली. "माफ करा काका. सांगा."

तोरिकाने सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला आणि शेवटी ती म्हणाली, "पोर सुव्यात आहे, त्यांच्या चुलत्याच्या घरी. घर मला ठाऊक आहे. माझे तीन मावसभाऊ आहेत, व्हॅन आहे. आज संध्याकाळी जाऊन उचलून आणते."

"आणा," बाई म्हणाल्या. "आणि मग दुसरा वकील बघा."

"का?"

"कारण उद्या ते हेच कोर्टात सांगतील. बाई धटिंगण घेऊन आली, पोरीसमोर मारामारी झाली. न्यायाधीश दात बघणार नाही आणि व्हॅनही बघणार नाही. पोर कुठे नीट राहील तेवढं बघणार. तुम्हीच तिला ओढलंत तर मी काय बोलू? त्या भावांना घरी बसवा."

तोरिकाने मान हलवली.

"आता ऐका. आई आणि बाप, दोघांचाही पोरीवर हक्क सारखाच. कोर्ट काही ठरवत नाही तोवर पोलीस हात घालणार नाहीत. म्हणून तातडीचा अर्ज करायचा. बोट सुटायच्या आत. शाळेत कोण सोडतं?"

"मी."

"ताप आला की दवाखान्यात?"

"मी. नाहीतर आई न्यायची." तोरिका थांबली. "आता मीच."

बाई लिहीत गेल्या. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "काका, खरी अडचण तुमच्याकडची आहे. देवमाशाचा दात कोर्टात चालत नाही. पण घरच्यांनी राजीखुशीने पोर पाठवली, हे चालतं. त्यांचा वकील पहिल्यांदा तेच म्हणेल. तुम्ही तिथे बसला होतात. दात घेताना आईला विचारलं होतं का? पोरीच्या आजोबांना विचारलं होतं का? तेवढंच शपथेवर लिहून द्या."

"म्हणजे भावाच्या विरोधात."

"भावाच्या विरोधात नाही. जे झालं ते."

"आमच्यात ते एकच आहे, बाई."

त्यांनी मला घाई केली नाही. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. तोरिका माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. बोटांना अजून दालोचा चीक लागलेला, काळा झालेला. मला तितिलियाला विचारायचं होतं. मी खरंच मान वळवली, शेजारच्या खुर्चीकडे. तिथे बाईंच्या फायली होत्या.

"लिहा," मी म्हणालो.

सही केली, पण इसोआला न सांगता गप्प बसणं मला जमलं नसतं. कोर्टात दुसऱ्याच्या तोंडून त्याने ते ऐकायला नको होतं. गावात परतलो तो तसाच त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर यांगोनाच्या मुळ्यांचं पेय कालवत होता. त्याने मला एक करवंटी भरून दिली. मी प्यायलो आणि सांगितलं.

त्याने हातातलं फडकं पातेल्यात टाकलं. "म्हणजे माझ्या हातांना तू खोटं पाडणार."

"मी एवढंच लिहिलं की तोरिकाला विचारलं नव्हतं."

"एकच झालं. उद्या लाऊचे म्हणतील, या गावात दात घेतात आणि शब्द फिरवतात. मग तुझ्या नातवंडांच्या लग्नाला कोण येईल? कोण बसेल आपल्या चटईवर?"

"दादा, त्यांनी सांत्वनाच्या दातात मागणं घातलं. हे बरोबर होतं का?"

"नव्हतं. पण हात माझे पुढे झाले होते." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू होतास ना तिथे. का नाही बोललास?"

"माझ्या बायकोचं मढं जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते. मी बोललो असतो तर तूच मला हाकललं असतंस."

तो हसला, पण वाईट हसला. "हाकललं असतं."

मग मला बसमध्ये सुचलेलं मी बोललो. आधी सुचलं नव्हतं याचंच नवल. "दादा, रेताचा चेहरा त्यांनी आपल्याला दाखवायला आणला होता का कधी?"

आमच्यात मूल पहिल्यांदा आईच्या गावी येतं ते बापाच्या माणसांनी आणायचं असतं. चटया घेऊन, दात घेऊन, सगळ्यांसमोर. त्याशिवाय ते मूल आईच्या गावात नीट आलेलंच नसतं. रेता जन्मली तेव्हा आपेनिसा म्हणाला, पुढच्या वर्षी. मग पुढच्या वर्षी. शेवटी तोरिका तिला काखेत घेऊन बसने आली.

"नव्हता," इसोआ म्हणाला.

"आणून दाखवलं नाही. नेताना मात्र दात घेऊन आले."

त्याने पातेल्यातलं फडकं उचलून पिळलं. मी उठलो तेव्हा म्हणाला, "कोर्टात जाणार असशील तर माझ्या ओट्यावर पुन्हा बसायला येऊ नकोस."

शुक्रवारी सकाळी नौसोरीच्या कोर्टात बंद खोलीत आम्ही बसलो. फक्त घरची माणसं आणि वकील. आपेनिसा आला होता, इस्त्रीचा सुलू कमरेला गुंडाळून, मान खाली. म्हातारी आणि पोर आधीच सुव्याच्या धक्क्यावर गेल्याचं त्याच्या वकिलाने सांगितलं. बोट दुपारी सुटणार होती. तोरिकाने माझं मनगट पकडलं ते सोडलं नाही.

न्यायाधीश सर्दीने बेजार होते. दर वाक्याला नाक पुसत. आपेनिसाचा वकील म्हणाला तेच, जे गाउंडरबाईंनी आधी सांगितलं होतं. घराण्याच्या थोरल्याने रीतीप्रमाणे मान्य केलं. जबरदस्ती नाही. आता आईला पश्चात्ताप झाला, म्हणून कोर्ट.

गाउंडरबाईंनी माझा कागद पुढे केला. न्यायाधीशांनी वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हे स्वतः सांगाल?"

मी उभा राहिलो. बोलायचं काम माझं कधीच नव्हतं.

"साहेब, दात घेतला हे खरं आहे. माझ्या भावाने घेतला. तो लबाड माणूस नाही. पण पोरीची आई मागे चुलीपाशी होती. तिला कोणी बोलावलं नाही. मला कोणी विचारलं नाही. मी बायकोच्या शोकात बसलो होतो, मला बोलता येत नव्हतं. पोरीला वाटलं, फिरायला चाललो. तिने हात केला मला."

मी बसलो.

न्यायाधीशांनी आपेनिसाला विचारलं, "मुलगी तुमच्याकडे राहणार?"

"आईकडे, साहेब."

"आणि तुम्ही?"

"ऑस्ट्रेलियाला. कामावर."

"मुलीची शाळा?"

"बेटावर शाळा आहे."

"मुलीने विचारलं का आईबद्दल?"

आपेनिसाने मान वर केली. मग म्हणाला, "रोज रात्री विचारते, साहेब." हे त्याने लपवलं नाही, याबद्दल मी त्याला आजही चांगलं म्हणतो.

पुढच्या तारखेपर्यंत मुलगी आईकडे राहील, तिला या बेटाबाहेर नेऊ नये, बापाने फोनवर बोलावं, सुटीत आजीच्या भेटीचं कोर्टातले समुपदेशक दोघांशी बोलून ठरवतील, असा तात्पुरता आदेश झाला. तोरिका उठायला लागली तर बाईंनी तिला खाली बसवलं. "कागद हातात आल्याशिवाय उठायचं नाही." आणि कागद येईना. छपाईचं यंत्र अडकलं होतं. कारकून त्याच्या पोटात हात घालून बसला होता. खिडकीतून रेवा नदीवरचा पूल दिसत होता आणि पुलावर गाड्यांची रांग लागलेली. गाउंडरबाईंनी तेवढ्यात बोटीच्या कचेरीला फोन केला, पोलिसांना केला, आपेनिसाच्या वकिलालाही करायला लावला. एरवी हळू बोलणारी ती बाई फोनवर एखाद्या कोळणीसारखी ओरडत होती. शिक्का बसल्याबरोबर आम्ही टॅक्सीत बसलो. आपेनिसाही मुकाट्याने पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.

धक्क्यावर बोट अजून लागलेली होती, पण पोती चढवून झाली होती. एक तरुण पोलीस आमची वाट बघत उभा होता. कप्तानाने कागद पाहिला आणि म्हणाला, "पोर उतरल्याशिवाय मी दोर सोडत नाही. पण लवकर करा, मला भरती सांभाळायची आहे."

डेकवर चटई टाकून म्हातारी माकेरेता बसली होती. रेता तिच्या मांडीत, तोच पिवळा फ्रॉक. भोवती त्यांची माणसं.

"आई, दे तिला," आपेनिसा म्हणाला. "कोर्टाने सांगितलंय."

"तूच म्हणालास ना, दिली म्हणून?"

"म्हणालो. आता दे."

"माझं नाव आहे तिला. मी मेल्यावर ते नाव कोण सांभाळणार? हा कागद?"

तोरिका पुढे झाली. म्हातारीने पोरीला घट्ट आवळलं. रेता रडायला लागली. एकाच वेळी "आई" आणि "बुबू" म्हणत होती. पोलीस माझ्या कानाशी आला. "काका, कागद माझ्याकडे आहे, पण म्हातारीच्या हातातून पोर कशी ओढू? माझीही आजी लाऊचीच आहे." लाऊची माणसं उठून उभी राहिली. तोरिकाचा एक हात पोरीच्या दंडावर पोचला होता. गाउंडरबाई धक्क्यावरून ओरडल्या, "तोरिका, ओढू नकोस! मागे हो!"

ती मागे झाली. कशी झाली देव जाणे.

आणि मग इसोआ फळीवरून वर आला. काळा सुलू, बगलेत पानांची विणलेली पिशवी. तो सकाळपासून धक्क्यावर पोत्यांच्या आड बसून होता, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. म्हातारीपासून थोडा दूर तो डेकवर बसला, मान खाली घातली आणि पोकळ तळव्यांनी टाळी वाजवली. उभी राहिलेली लाऊची माणसं एकेक करून खाली बसली. बसावंच लागतं. थोरला चुलता पुढे सरकून बसला.

इसोआने पिशवीतून तांबुआ काढला. त्यांनी आणलेला नव्हे. तो परत केला असता तर जन्माचं वैर झालं असतं. हा दुसरा होता. मी दोरीवरून ओळखला. तितिलियाच्या भावांनी तिच्या मातीला आणलेला.

"ही माझ्या भावजयीची आठवण," इसोआ म्हणाला. "तुमचा शब्द मी घेतला, तो मी टाकत नाही. पण तुम्ही या पोरीचा चेहरा अजून आमच्या गावाला दाखवलेला नाही. आधी ते होऊ दे. चटया घेऊन या, दात घेऊन या, आमचं दार उघडं आहे. आमच्या घरात यायला या आजीला कोणाची परवानगी लागणार नाही, तिचंच नाव आमच्या पोरीला आहे. तोवर लेकरू आईजवळ असू द्या. एवढंच मागणं."

खाली इंजिन धडधडत होतं. चुलता म्हातारीकडे वळला. म्हातारी दाताकडे बघत होती. इसोआने दात धरलेले हात खाली घेतले नाहीत.

चुलत्याने हात पुढे केले.

टाळ्या वाजल्या. म्हातारीने रेताचं नाक स्वतःच्या सुलूच्या टोकाने पुसलं, फ्रॉक खाली ओढून सारखा केला आणि हात सोडले. तोरिकाने पोरीला उचललं आणि जी धक्क्यावर उतरली ती वळलीच नाही. मी मात्र वळून म्हातारीला नमस्कार केला. तिने तोंड फिरवलं.

धक्क्यावर गाउंडरबाईंनी इसोआला विचारलं, "तुम्ही सकाळी कोर्टात का नाही आलात?"

"कोर्टात माझं काय काम?" तो म्हणाला. "तुमच्या कागदाने बोट थांबली. म्हातारीचे हात त्याने सुटले नसते."

"आणि कागद नसता तर तुम्ही दात घेऊन पोचेपर्यंत बोट थांबली असती का?"

"म्हणून तर इथे बसून होतो, बाई. बोटीआधी." मग त्याने बोटीकडे बघितलं. "पण ती सुटली असती, हे खरं."

पुढची तारीख महिन्याभराने होती. बाईंनी तोरिकाला ती दोनदा म्हणायला लावली.

परतीच्या बसमध्ये इसोआ पुढे बसला, आमच्याकडे पाठ करून. रेता तोरिकाच्या मांडीत झोपली होती. झोपेतही हुंदका यायचा. कोरोवोऊला बस थांबली तेव्हा इसोआ उतरला आणि कागदात गुंडाळलेल्या रोट्या घेऊन चढला. एक तोरिकाला दिली. एक रेतासाठी तिच्या शेजारी ठेवली. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बस चालू झाली तरी उभाच.

"हळू खा. दाढीत सांडशील," म्हणून त्याने माझ्या हातात रोटी ठेवली.

मी सरकलो. तो बसला.

"ती माणसं येतील," तो म्हणाला. "मी बोलावून ठेवलंय. बसायला धड चटया आहेत का तुझ्या घरात?"

"जुन्या आहेत. एक नवी अर्धीच राहिलीय. तितिलिया विणत होती."

"तोरिकाला येतं का विणायला?"

पुढच्या बाकावरून तोरिका मागे न वळता म्हणाली, "येतं, काका."

"मग उद्यापासून बस," इसोआ म्हणाला. "म्हातारी लाऊची आहे, तिकडच्या बायका विणण्यात पक्क्या. चटई उलटी करून बघेल."